येझदीचा डबा

अर्ध्या चढावर विमलबाई गाडीवरून उतरली. उतरली म्हणजे गाडी थांबवायला सांगून, पदर सावरून, रीतसर उतरली असं नव्हे. बार्शी नाक्याकडून घरी येताना पूल ओलांडला की जो लांबट चढ लागतो, तिथं त्यांच्या जुन्या येझदी मोटारसायकलनं मान टाकली होती. आवाज घोगरा झाला, वेग पायी चालणाऱ्या माणसाएवढा उरला, आणि त्या वेगात ती भाजीच्या पिशवीसकट रस्त्यावर पाय देऊन बाजूला झाली. त्रिंबकला आधी कळलं ते एवढंच, की डाव्या खांद्यावरचा हात गेला. मग गाडी हलकी होऊन पुढं उसळली आणि त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच चाललो आहोत. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला होता, समोरून जनावरांच्या छावणीला चारा नेणारा ट्रॅक्टर उतरत होता, थांबायला जागा नव्हती. तो वर जाऊन थांबला. इंजिन बंद पडेल म्हणून मूठ पिळत राहिला आणि मे महिन्याच्या उन्हात आपली बायको चढ चढून येताना बघत राहिला. ती सावकाश आली. जवळ येऊन तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. बाजारात वांगं उचलून फिरवून बघते तसं, निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी येते पायी. घर तर आलंच." घर काही आलेलं नव्हतं. अजून सगळी पेठ ओलांडायची होती.

त्याला आठवडा उलटून गेला. मधल्या दिवसांत विमलबाई एका लग्नाला गेली ती शेजारच्या ताराबाईंबरोबर रिक्षात बसून. दळण आणायला गेली ती पायी. तिच्या बहिणीची सून बाळंत झाली तेव्हा तो किल्ली घेऊन दारात उभा राहिला, तर म्हणाली, "उन्हाचं तुमी कशाला? मी जाते की एसटीनं." घरात भांडण नव्हतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, चहात आलं पडत होतं, रात्री पांघरूण अंगावर येत होतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान तोंड असतं. त्रिंबक साठी उलटलेला, दूध संघातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. गेवराई तालुक्यातल्या दूध संस्थांचे सचिव ज्याला बघून घसा खाकरायचे असा. तोच आता रोज सकाळी किल्ली खिशात टाकून घरात उगाच या खोलीतून त्या खोलीत जाई आणि बायको कुठं बाहेर निघते का याचा कानोसा घेई. ती परत मागं बसते की नाही, एवढाच प्रश्न होता. तो एवढा मोठा वाटावा याची त्याला लाज वाटे, आणि लाज वाटूनही तो लहान होत नव्हता.

पोरगा पुण्याहून फोन करी तेव्हा दर वेळी सांगे, की बाबा, ती गाडी आता विका, या वयात हे बरं नाही. तेव्हा विमलबाईच फोन ओढून घेई आणि म्हणे, "तुज्या बापाला गाडी चालवाय तू नको शिकवू." अशी बाई चालत्या गाडीवरून उतरते म्हणजे तिला काहीतरी दिसलं असलं पाहिजे. हात थरथरला का आपला? गाडी एका अंगाला गेली का? की तिला लाज वाटली, भर रस्त्यात धूर सोडत खोकणाऱ्या गाडीवर म्हाताऱ्याच्या मागं बसायची? हे शेवटचं त्याला स्वतःलाच पटेना, कारण विमलबाईला लाज वाटावी अशी गोष्ट त्यानं आजवर पाहिली नव्हती. मग उरलं काय? तर भीती. आपण पाडू अशी भीती. हा विचार आला की तो उठून माठातलं अर्धा पेला पाणी पिई आणि अर्धा पेला परत झाकून ठेवी, कारण टँकरचा काही भरवसा नव्हता. विचारावं असं रोज मनात येई. पण विचारलं आणि ती "व्हय" म्हणाली तर पुढं काय करायचं हे त्याला ठरवता आलं नव्हतं, म्हणून त्यानं सगळा दोष गाडीवर ढकलला. पुरुषमाणसाला हा एक रस्ता नेहमी मोकळा असतो.

दोष गाडीत होताही. बंकट मिस्त्रीनं सीट उचलून, बॅटरी बाजूला करून आत टॉर्चचा उजेड मारला आणि मान हलवली. हवा गाळून इंजिनाला देणारा जो पत्र्याचा डबा असतो, तो तळाशी गंजून फाटला होता, आणि आतली जाळी सुटून लोंबत होती. सपाटीवर काही होत नसे. चढाला इंजिन जोरानं हवा ओढायला लागलं की जाळी जाऊन तोंडाला चिकटे आणि गाडीचा श्वास कोंडे. "काका, डबा नवा मिळत न्हाई आता," बंकट म्हणाला. "भंगारातल्या दुसऱ्या येझदीचा हाय एक माज्याकडं, चांगला हाय. पण बसवायला लई मगजमारी. चेसीच्या दोन नळ्यांच्या मधी बोट जाईना इतकी जागा. मागचं चाक, मडगार्ड, समदं ढिलं करावं लागतंय. ठिवा दोन दिस." त्रिंबकनं डबा तेवढा घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गाडी ढकलत घरी आणली. बंकट मागून ओरडून सांगत होता की एकट्यानं व्हायचं नाही. ते ऐकूनच त्रिंबकनं पक्कं केलं की एकट्यानंच करायचं. विमलबाईच्या डोळ्यांदेखत, अंगणात, आपल्या हातानं. हात अजून कामाचे आहेत हे तोंडानं सांगून कुणाला पटत नाही.

सकाळीच त्यानं पत्र्याच्या सावलीत पोतं अंथरलं. सीट काढली, बॅटरी काढली, दोन्ही बाजूंची झाकणं काढली, नटबोल्ट निघतील तसे जुन्या ताटलीत ठेवले. या गाडीचं पोट त्यानं कितीदा उघडलं होतं. संघात लागला तेव्हा संघानं सायकल दिली होती. गेवराईहून तलवाडा, तलवाड्याहून चकलांबा, मधल्या वाड्यावस्त्या, खिशात दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर आणि डोक्याला टॉवेल. येझदी घेतल्यावर तो पहिल्यांदा चकलांब्याला गेला त्या दिवशी संस्थेच्या चेअरमननं, अर्जुनरावांनी, तिला हळदीकुंकू लावायला लावलं आणि वर म्हणाले, "आता तुमी येताय हे दोन कोसांवरनं कळणार, म्हंजी पाणी घालणाऱ्यांची सोय झाली." त्रिंबक हसला होता. दुधात पाणी घालणारे त्याला नावानिशी माहीत होते, आणि कुणाच्या घरी का घालतात हेही माहीत होतं. यंदाच्यासारखी दुष्काळाची सालं आली की मात्र दुधाची प्रत एकदम सुधारे. घालायला पाणीच नसे. अशा वर्षी लॅक्टोमीटर दुधात सोडला की तो कसा ऐटीत उभा राहतो ते बघताना त्याला बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच होई, कारण कॅनमध्ये दूध बोटभर असे. आता तर संघाच्या दूध शीतकरण केंद्राची यंत्रं बंद होती. जनावरं छावणीत बांधलेली, आणि केंद्राच्या आवारात चाऱ्याची गंजी लावलेली. परवा तो तिकडून गेला तेव्हा वॉचमन रामकिसननं त्याला सलाम ठोकला आणि दोघांनीही गंजीकडं पाहिलं.

जुना डबा निघाला. निघाला म्हणजे तुकड्यांनी निघाला, गंजून गेलेली वस्तू भांडत नाही. आतून छावणीची लालसर धूळ मूठभर पडली. खरी लढाई नव्या डब्याशी होती. तो डाव्या बाजूनं तिरपा घालायचा, तोंड खाली करून नळीच्या मागं न्यायचा, मग वर उचलून सरळ करायचा, आणि सरळ करतानाच त्याचं तोंड कार्बोरेटरकडं जाणाऱ्या रबरी नळीत शिरलं पाहिजे. डबा जाताना मडगार्डला अडे. मडगार्ड मागं ओढून धरावं तर डबा ढकलायला हात राही एक. रबर इतकं टणक झालेलं की त्यात बोट शिरेना. तासाभरात त्रिंबकच्या बोटांची सालं गेली आणि डबा निम्म्यात तिरपा अडकून राहिला, ना आत ना बाहेर. तो पोत्यावर मागं टेकून बसला. छातीत भाता चालल्यासारखं झालं होतं. ऊन फार, असं तो स्वतःशी म्हणाला. सकाळचे आठ वाजले होते आणि तो सावलीत होता, पण ऊन फार हे त्याचं बरेच महिने चाललेलं उत्तर होतं. जिन्याला ऊन फार होतं, देवळाच्या पायऱ्यांना ऊन फार होतं. माघात थंडीनं दात वाजत असताना तो दळणाचा डबा उचलून आणताना दारात टेकला तेव्हा मात्र त्यानं ऊन म्हटलं नव्हतं. तेव्हा तंबाखूला दोष दिला होता.

"पाणी तापवून देतीस का तांब्याभर?" त्यानं आत आवाज दिला. "रबर मऊ करायचंय."

विमलबाई दारात आली. हातात डाळ निवडायचं सूप. टँकर येऊन पाच दिवस झाले होते आणि तिनं कोणतं पाणी कोणत्या भांड्यात कशासाठी हे डोक्यात पक्कं धरलेलं होतं. "अंगुळीचं हाय बादलीभर. त्येच तापवते," ती म्हणाली. "रबर बुडवा, अन् मंग त्याच पाण्यानं अंगूळ करा."

"पेट्रोलचा वास येईल अंगाला."

"कवा येत न्हाई?" असं म्हणून ती चूल पेटवायला गेली.

त्याला हसू आलं आणि हसण्यानंही धाप लागली. लग्न होऊन ती आली तेव्हापासून हा वास तिच्या घरात होता. ती युसूफ वडगावच्या बाजूची, केजकडली. बाप बद्रीनाथ ऊसतोडीला जाणारा, आई दगडाबाई त्याच्या जोडीला. दोघांचा मिळून एक कोयता. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरायचा आणि पश्चिमेकडच्या कुठल्या तरी सहकारी कारखान्याच्या रानात उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, राहायचं ते गुढीपाडव्यापर्यंत. विमल अशा कोप्यांत वाढली. शाळा तिची दर वर्षी दिवाळीला सुटे आणि परत भरतच नसे. त्रिंबकचं स्थळ आलं तेव्हा बद्रीनाथांनी जमीन विचारली नाही, घर विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पाव्हणं संघात हायती. म्हंजी पोरीच्या हातात कोयता येत न्हाई." त्रिंबकला ते वाक्य त्या वेळी नुसतं ऐकू आलं होतं, त्याचा अर्थ त्याला हळूहळू वर्षावर्षानं कळत गेला. येझदी घेतली त्या आठवड्यात त्यानं तिला माहेरी न्यायचं म्हणून मागं बसवलं. तिनं आधी सीटच्या मागची सळई घट्ट धरली. केज यायच्या आत एका खड्ड्यात गाडी उडाली आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आला, तो तिथंच राहिला. त्या दिवशी माहेरी पोचल्यावर तिनं आईला सांगितलेलं त्यानं ओसरीवरून ऐकलं: "दिसत काय न्हाई मागनं, निस्ता खांदा दिसतोय. पण भ्या वाटत न्हाई."

त्यानंतरची सगळी वर्षं तो हात तिथं होता. पोराला मांडीवर घेऊन, ज्वारीचं पोतं मध्ये ठेवून, कधी दुधाचे रिकामे कॅन दोन्ही अंगांना खडखडत असताना, तिचा एक हात तिथंच. गाडीच्या आवाजावरून ती त्याचा मूड ओळखे. फाटक उघडायच्या आत तिला माहीत असे की आज संघात खटका उडाला आहे, आणि ती चहा न विचारता आधी पाय धुवायला पाणी देई. एकदा जिल्ह्याचे कुणी पुढारी केंद्रावर येऊन चारचौघांत त्याला लागेल असं बोलून गेले होते. त्या दिवशी तो घरी आला तर तिनं दारातूनच म्हटलं, "कुणी बोललं?" त्यानं विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "दुसऱ्या गेरात आलात गल्लीतनं. रोज तिसऱ्यात येता." मग अशा बाईनं हात काढून घेतला, तर माणसानं काय समजायचं? त्रिंबकनं डब्यावर दोन्ही तळवे ठेवून पुन्हा एक जोर केला. पत्रा करकरला आणि होता तिथंच राहिला. त्याला एकदम, लहान पोराला येतं तसं, रडू येईल की काय असं वाटलं.

पाणी आलं. विमलबाईनं बादली त्याच्या बाजूला ठेवली. त्यानं रबरी नळी सोडवून पाण्यात टाकली आणि काडीनं दाबून धरली. ती गेली नाही. सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली आणि डाळ निवडू लागली. वाफेला पेट्रोलचा, ऑइलचा आणि जुन्या रबराचा वास येत होता. त्रिंबक पाण्याकडं बघत राहिला. पाण्याकडं बघत बोललं की समोरच्याकडं बघावं लागत नाही, ही सोय त्याला सापडली.

"विमल," तो म्हणाला. "त्या दिवशी उतरलीस कावून?"

"कवा?"

"पुलाच्या चढाला."

"चढ व्हता म्हणून," ती म्हणाली. डाळीतला खडा काढून तिनं अंगणात टाकला.

"चढ व्हता म्हंजे?"

तिनं मान वर केली. हा माणूस हे काय विचारतोय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. "चढाला उतरत्यात," ती म्हणाली.

आणि मग ती सांगू लागली. काही खास सांगतोय असा तिचा आविर्भाव नव्हता. पाणी कुठून आणतात हे परक्याला सांगावं, तसं. गाडी घाटाला लागली की उतरायचं. माय उतरायची, पोटुशी असली तरी उतरायची. म्हातारी आजी उतरायची. पोरं उतरायची, दोन दगड हातात घ्यायची आणि गाडी थांबली की चाकामागं लावायची. बाप तर आधीच खाली, जू धरून बैलांच्या बरोबरीनं चालायचा. "आमाला कुणी उतरा म्हणत नसे. ऐकू येतंय की. बैलाचा श्वास बदलला की उतरायचं. बसून ऱ्हायलं तर माय काय बोलायची न्हाई, पण त्या रातीला भाकरी वाढताना तोंडाकडं बघायची न्हाई." तिनं सूप हलवलं. "तुमची गाडी आजवर कुठल्या चढाला इतकी हळू झालीच नव्हती. झाली असती तर आधीच उतरले असते."

त्रिंबकच्या अंगावरून आठवड्याचं ओझं एकदम उतरलं. एवढंच? आपण रात्री छताकडं बघत काय काय रचलं, आणि हिनं गाडीला बैल समजून तिच्यावर दया केली. त्याला तिचा इतका लोभ आला, की बोटांची सालं गेलेला, काळा झालेला हात तसाच पुढं करून तिच्या गुडघ्यावर ठेवावा असं वाटलं. तो मोठ्यानं हसला. "अगं, ते बैल असत्यात. हे लोखंड हाय. लोखंडाला काय दम लागतोय? डबा फाटला व्हता, दुसरं काय न्हाई. आता डबा बसला की कुठल्या बी चढाला बस बिनघोर."

"लोखंडाला न्हाई लागत," ती म्हणाली. "ठावं हाय मला."

"मंग?"

"लोखंडासाठी न्हाई उतरले."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती डाळ निवडत नव्हती. हात सुपात तसेच होते.

"माजा हात व्हता तुमच्या खांद्यावर," ती म्हणाली. "गाडी वडत व्हतं इंजिन, अन् धाप लागली तुमाला. बसल्या जागी. समदं अंग म्होरं रेटत व्हतात, जसं काय तुमीच वडताय. वर येऊन बघितलं तर व्हट काळे पडलेले. म्हणून पायी आले. मी मागं असले की तुमी जोर लावता."

"ऊन लई व्हतं."

"दिवाळीला बी ऊन व्हतं का? दिवाळीपसनं कळतंय मला."

पाण्याची वाफ कमी झाली होती. त्रिंबक काडीनं नळी दाबत राहिला, नळी तळाला टेकलेली होती तरी. घरी यायचं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी थांबून तो श्वास खाली बसू देई आणि मग आत येई, हे त्याला आठवलं. धोतराचा सोगा नीट करायच्या निमित्तानं जिन्यात थांबे. ताराबाईंसमोर बोलता बोलता मध्येच गप्प होऊन ऐकल्यासारखं करी. किती तऱ्हेनं लपवलं होतं. न बोललेली गोष्ट घरात शिरत नाही अशी त्याची समजूत होती, आणि ती गोष्ट तर रोज त्याच्या मागं, त्याच्या खांद्याला हात लावून बसून येत होती.

"मंग बोलली न्हाईस कावून?" तो म्हणाला.

"बैलाला कुणी सांगतंय का, तू दमलास म्हणून? आपण उतरायचं निस्तं."

"म्हंजी मी बैल."

"चांगला बैल," ती म्हणाली, आणि इतका वेळ ताठ धरलेलं तिचं तोंड जरा सैल झालं. "उगंच उतरले असते व्हय उन्हाचं?"

मग त्यानं ते म्हटलं. मोठ्यानं म्हणायची पहिलीच वेळ होती आणि शब्द साधेच निघाले. "धाप रातीला बी लागती, विमल. आडवं झालं की."

"दुसरी उशी तुमच्या डोक्याखाली आपसूक येती का?" ती म्हणाली.

तिनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि गाडीच्या उजव्या अंगाला येऊन मांडी घालून बसली. त्यानं नको म्हटलं नाही. मऊ झालेली नळी तिनं पाण्यातून काढली, पिळून झटकली आणि त्यानं दाखवलं तिथं आतून धरली. डबा त्यानं पुन्हा बाहेर काढला, तोंड खाली केलं. "तू मडगार्ड पायानं मागं रेट," तो म्हणाला. तिनं टाच लावली आणि अशी रेटली की मडगार्डच काय, आख्खी गाडी स्टँडवर हलली. "हळू. वाकल की." "मंग लवकर घाला." गाडीच्या पोटातून एका बाजूनं त्याचा हात आणि दुसऱ्या बाजूनं तिचा, मध्ये तो पत्र्याचा डबा. तिच्या अंगठ्यावर लहानपणी लागलेल्या कोयत्याची जुनी खूण होती, ती त्याला इतक्या जवळून पुष्कळ दिवसांनी दिसली. डबा तिरपा गेला, अडला, तिनं आपल्या बाजूनं दोन बोटांनी खालची कड धरून ओढली, त्यानं वर उचललं, आणि तो सरळ झाला. त्याचं तोंड रबरात शिरल्याचा मऊ आवाज दोघांनीही ऐकला. काही वेळ दोघंही हात तिथंच ठेवून बसले, पुन्हा निसटू नये म्हणून.

क्लिपा, बोल्ट, बॅटरी, झाकणं, सीट. ती ताटलीतून एकेक बोल्ट देत गेली, तो बसवत गेला. मध्ये दोनदा थांबला आणि थांबण्याचं कारण काही सांगितलं नाही. मग रबर बुडवलेल्या पाण्यानं त्यानं खरोखरच अंघोळ केली. धुतलेला सदरा घालून बाहेर आला तेव्हा विमलबाई लुगडं बदलून, पायात चपला घालून गाडीपाशी उभी होती. इतके दिवस तो याच दृश्याची वाट बघत किल्ली खिशात घेऊन फिरत होता.

"बसतीस?" तो म्हणाला.

"दवाखान्यात जायचं असंल तर बसते. दुसरीकडं कुठं न्हाई."

त्यानं मान डोलावली. गाडीवर बसला, पेट्रोलचा कॉक उघडला, आणि किकवर पाय ठेवणार तोच तिनं त्याचा पाय हातानं बाजूला केला. "तुमी हँडल धरून बसा निस्ते," ती म्हणाली. तिनं निऱ्या वर खोचल्या, एका हातानं सीट धरली आणि चप्पल काढून किकवर अख्खा देह घातला. पहिल्यांदा पाय घसरला. ताराबाई कुंपणापलीकडून बघत होत्या, त्यांच्याकडं तिनं लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा गाडी नुसती फुसफुसली. तिसऱ्यांदा इंजिन लागलं, आणि आवाज असा मोकळा, भरदार आला की त्रिंबकला पूर्वीचा चकलांब्याचा रस्ता आठवला. विमलबाईनं चप्पल घातली, निऱ्या सोडल्या आणि मागं बसली.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस आडवी उभी होती, ती जाईपर्यंत त्यानं गाडी थांबवली.

"डॉक्टरला कुणी सांगायचं?" तिनं मागून विचारलं. "तुमी का मी?"

"तूच सांग," त्रिंबक म्हणाला. "मला कुठं सगळं म्हाईत हाय?"